फलाटावरून : पणजीला जा, पण गोवा बघायला नको

प्रवासाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि सांगलीच्या एका निवृत्त वाहतूक नियंत्रक बाईंची उत्तरं.

प्रश्न : आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागला राहतो. मी शाळेतून निवृत्त झाले आहे, यांचं वय ६६. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी गाडी चालवणं सोडलं आणि दिवाळीत आम्ही गाडी विकूनच टाकली. आता तीन रात्री कुठेतरी समुद्राजवळच्या शहरात निवांत राहावं असं मनात आहे. गोवा दोघांनाही आवडेल, पण नातेवाईक म्हणतात, गाडीशिवाय गोवा म्हणजे नुसते हाल. तिथले टॅक्सीवाले खिसा कापतात. धावपळ नको, पहाटे उठून पॉइंट बघायचे नाहीत. मी शाकाहारी, यांना मासे लागतात. कसं जमवावं? — एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीत. कळंगुट, बागा, दूधसागर, पाळोळे अशी यादी खिशात घालून निघालात तर गाडीशिवाय हाल होणारच. या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभरेक किलोमीटरचं राज्य आहे ते. तेव्हा यादी घरीच ठेवा. तुम्ही गोव्याला जाऊ नका, पणजीला जा. पुढे मांडवी नदी, पाठीमागे आल्तिन्होची टेकडी आणि मधे पायी फिरता येईल असं बेताचं गाव. तीन रात्रींना तेवढं पुरतं.

डेपोच्या खिडकीत बसून मी उभी हयात लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या, त्यावरून एक सांगते. गाडीविना गेलेल्यांची सुट्टी बसमुळे फारशी बिघडत नाही, लॉजच्या पत्त्यामुळे बिघडते. स्वस्त मिळाली म्हणून गावाबाहेर खोली घेतात आणि मग दर वेळी बाहेर पडायला वाहन शोधत बसतात. जाहिरातीत 'पणजीपासून फक्त दहा मिनिटांवर' असं छापलेलं असतं, ती दहा मिनिटं मोटारीची असतात हे तिथे गेल्यावर कळतं. पर्वरी नको, दोना पावला नको. मिरामारलाही राहू नका, तिथे फिरायला जायचं. कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचं, बसस्थानक पाट्टो भागात आहे. तिथून खाडीवरचा पूल ओलांडला की फोंताईन्हास आणि सां तोमे ही जुनी वस्ती लागते. तिथे किंवा चर्चच्या चौकाच्या आसपास खोली घ्या. मग बस, फेरीबोट, बाजार, खाणावळ, सगळं चालत.

खोली ठरवताना फोन करा आणि नीट विचारा. खोली कितव्या मजल्यावर? जुन्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अंधारे असतात, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते नकोत. नदीत कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या असतात, त्यांचा रात्रीचा गलका खोलीत येतो का? आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर बॅगा दुपारपर्यंत ठेवून घेतील का? या तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारं लॉज मी तरी घेणार नाही.

आता जायचं कसं. जाताना बस आणि येताना रेल्वे, असा माझा सल्ला. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्थानकातून पणजीच्या गाड्या एसटीच्याही सुटतात आणि कदंबच्याही. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा या वाटेची गाडी सकाळची घ्या, सहा-सात तास धरा. आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरावा, रातराणीत बसून तो झोपेत घालवणं मला पटत नाही. एसटीत तुम्हाला महिलांचं अर्धं तिकीट लागेल, साहेबांनाही ६५ ओलांडल्यामुळे अर्धंच. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढच्या टप्प्याचं भाडं पूर्ण. यावरून बांद्याजवळ कंडक्टरशी हुज्जत घालणारे प्रवासी दर गाडीत एक तरी असतात. तुम्ही त्यातल्या होऊ नका. आणि आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

येताना गोवा एक्स्प्रेस. ती दुपारी वास्कोहून निघते, मडगावला येते आणि रात्री मिरजेला सोडते. कुळेला तिला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण तिथून कॅसलरॉकपर्यंतचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. गाडी दमानं, कण्हत चढते आणि दूधसागर खिडकीतून दिसतो. जीपचं भाडं नाही, चिखल नाही, लाइफजॅकेट नाही. जातानाही हीच गाडी आहे, पण ती मिरजेहून रात्री निघून भल्या पहाटे मडगावला उतरवते. घाट अंधारात जातो आणि खोली मिळेपर्यंत आपण बाकावर बसून राहतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. गाडीची वेळ तिकिटावर छापलेली बघा, माझ्या लेखावर विसंबू नका. पणजीहून मडगावला कदंबची न थांबणारी शटल असते, तिचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं आणि मग रांगेनं चढायचं. शिस्तीचा कारभार आहे. मला तर बघून आमच्या डेपोबद्दल वाईट वाटायचं. मडगावचं बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन मात्र जवळ नाहीत, तेवढी एक रिक्षा करा. एकटा माणूस असेल तर 'पायलट', म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल, पण तुम्हा दोघांना बॅगांसकट ते जमायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी काही बघायचं नाही. चहा घ्या आणि नदीकाठाने चालत फेरीबोटीच्या धक्क्यावर जा. समोरच्या बेतीला बोट जाते, पायी माणसाला तिकीट नाही. तिथे जरा बाजूला उभं राहून बघा, मला हे कितीदाही बघायला आवडतं. बोट काठाला लागायच्या आतच तिची लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते आणि सिमेंटच्या उतारावर खरवडत टेकते. फळी ओली असते. आधी स्कूटरवाले सुसाट बाहेर पडतात, मग मासळीच्या टोपल्या, मग मोटारी. बाहेरचे सगळे उतरले की आतले शिरतात, तेही स्कूटरवालेच पुढे. पायी माणसांनी त्यांना जाऊ द्यावं आणि मागून कडेच्या कठड्याशी जाऊन उभं राहावं. खलाशी दोर सोडतो, इंजिन घरघरतं आणि काही मिनिटांत पलीकडे. पलीकडे एकदा खाली उतरून पुन्हा चढा, कुणी काही म्हणत नाही. सूर्य बुडताना पणजीचा सगळा काठ त्या बोटीवरून दिसतो, आणि शेजारच्या नाचगाण्याच्या क्रूझला लोक याचेच पैसे मोजतात. ती क्रूझ टाळा. आवाज फार, नदी कमी.

एक सकाळ जुन्या गोव्याला द्या. बसस्थानकावरून सारख्या गाड्या सुटतात, दहा किलोमीटरही नाही. रायबंदरच्या बाजूने जाणारी बस विचारून घ्या. ती पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेल्या लांबलचक बांधावरून जाते, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची जमीन. बॉ जेझूसची बासिलिका १६०५ सालची, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथे आहेत. समोर से कॅथेड्रल. इथली चर्चं १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बाकीची बघितलीच पाहिजेत असं नाही, दोन नीट बघा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. तुमच्या बाबतीत हे सांगायला नको, पण साहेब बर्म्युडा घालायचं म्हणत असतील तर त्यांना सांगा. मग खाली नदीकडे चाला. वास्को द गामाचा पुतळा असलेल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता जातो तो थेट दिवाडीच्या फेरीधक्क्यावर. पलीकडे दिवाडी बेट : शेतं, कौलारू घरं, शांतता. धक्क्याजवळ अर्धा तास काढून परत फिरलात तरी चालेल. ऊन व्हायच्या आत पणजी गाठा.

कारण दुपारी पणजी झोपते. एक ते साडेतीन-चार दुकानांची दारं बंद. गाडीवाले पर्यटक या वेळी वैतागतात. तुम्हाला तर हेच हवंय. जेवा, पंखा लावा, आडवे व्हा.

जेवणाचं म्हणाल तर साहेबांची काळजी नाही, माशाची थाळी गल्लोगल्ली. फक्त १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं कमी आणि महाग. तुम्ही शाकाहारी म्हणून इडली-डोशावर दिवस काढू नका. सकाळी हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव मागा, बरोबर गोडसर बन. दुपारी साध्या खाणावळीत विचारा, नशीब असेल तर खतखतं, मुगागाठी किंवा अळसांद्याचं तोंडाक मिळेल. कालवणात मासे पडलेत का हे आधीच विचारा. 'व्हेज' म्हणून आणलेल्या थाळीत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर यायची शक्यता असते, वाढणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पहाटे गल्लीत सायकलचा रबरी भोंगा वाजला तर तो पाववाला. मागच्या टोपलीत प्लॅस्टिकखाली गरम पोई असतात, गव्हाचा कोंडा हाताला लागतो. खिडकीतून हाक मारायची, सुटे पैसे तयार ठेवायचे. आपलं भडंग बरोबर न्या, पोईत भरून खाल्लेलं मी पाहिलंय. कोणी, ते सांगत नाही.

फोंताईन्हासमध्ये सकाळी फिरा, आठच्या आत. पिवळ्या-निळ्या भिंती, शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या, अंगणात विहीर. नंतर फोटोवाल्यांचे थवे येतात, आणि तिथे राहणारी माणसं याला विटली आहेत. कुणाच्या पायरीवर बसू नका. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये जमलं तर डोकवा. तिथला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताची मान खाली झुकलेली नाही, डोळे उघडे आहेत. चौकातलं मोठं चर्च खालूनच सुंदर दिसतं, त्या नागमोडी पायऱ्या चढल्याच पाहिजेत असं नाही. वरची घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. महालक्ष्मीचं देऊळ १८१८चं, चर्चपासून थोडं चढावर. एक नमस्कार घालून या.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून एक गंमत सांगते. ज्या १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्याच वर्षी पणजीला पोर्तुगीज गोव्याच्या राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. आणि काम्पालला नदीकाठी चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमी आहे, तिच्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. मूळ मंगेशीचे, संसार सांगलीत. संध्याकाळी तिथे मराठी नाटक असेल तर तिकीट काढा. गोव्याचा प्रेक्षक नाटकाला मोबाइल बंद करून बसतो. आपल्याकडे मी याबद्दल बोलणार नाही.

समुद्र राहिला. तो मिरामारला. काम्पालवरून नदीच्या कडेने झाडांखालून चालत जा, अंतर तीनेक किलोमीटर. पाय दुखले तर बस आहेच, वाटेत हात केला की थांबते, कंडक्टर 'खंय वता?' विचारेल. वाळू सपाट आणि रुंद आहे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथेच. पण मांडवी तिथे समुद्राला मिळते, ओढ असते, तेव्हा घोट्यापर्यंतच पाण्यात जा. तुम्ही लाटांचा समुद्र डोळ्यापुढे आणला असेल तर थोडी निराशा होईल, आधीच सांगते. हा संध्याकाळी बसून बघायचा समुद्र आहे.

तरीही एक दिवस उरला आणि हुरूप असला तर बेतीला उतरून कांदोळीकडे जाणाऱ्या बसने वेरेंला जा, वर रेइश मागुशचा किल्ला आहे. १९९३ पर्यंत तुरुंग होता, दुरुस्ती होऊन २०१२ साली लोकांसाठी उघडला, आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. सोमवारी जाऊ नका. चढ आहे, म्हणून साहेबांना विचारून. आणि कुठेही गेलात तरी दिवेलागणीला पणजीत परत, कारण आठनंतर बस विरळ होतात, आणि मग तुम्ही नातेवाइकांनी सांगितलेल्या टॅक्सीवाल्याच्या हाती सापडाल.

कधी जावं? २० नोव्हेंबरच्या सुमारास चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त, नाताळापासून नवीन वर्षापर्यंत तर विचारू नका. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या तारखा बघून घ्या. पावसाची आवड असेल तर ऑगस्टही चांगला, दूधसागर तेव्हाच खरा, पण फुटपाथ निसरडे आणि काही ठिकाणी उखडलेले, तुमच्या बाबतीत मी जानेवारीच म्हणेन.

प्रश्न : साताऱ्याहून आम्ही तिघी : मी, आठ वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई गोवा नको म्हणतात, त्यांना रत्नागिरीला जायचंय. एसटीने जमेल? — एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, आणि स्वस्तात. सासूबाईंना ७५ पूर्ण झाल्यामुळे एसटी मोफत, तुम्हाला आणि मुलीला अर्धं, आणि रत्नागिरी महाराष्ट्रातच असल्यामुळे वाटेत सवलत तुटत नाही. पाटणवरून कुंभार्लीने चिपळूण गाठणारी वाट आहे, नाहीतर कराड-मलकापूर-आंबा घाट. म्हाताऱ्या माणसाला घाट लागत असेल तर चालकाच्या मागची सीट मागा आणि पोट भरून बसवू नका. रेल्वेचा मोह नको. साताऱ्याहून सोयीची नाही, शिवाय रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब आहे.

खोली एसटी स्टँडच्या परिसरात घ्या, शहर बस तिथूनच. मुलीला मत्स्यालय दाखवा. थिबा पॅलेसला जाल तेव्हा तिला गोष्ट सांगा : ब्रह्मदेशचा राजा इंग्रजांनी राज्य घेऊन इथे आणून ठेवला, १९१०मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला, आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. गच्चीतून खाडी दिसते. सोमवार सोडून जा. टिळकांचं जन्मघर आणि १९३१चं पतितपावन मंदिर गावातच आहेत. संध्याकाळी मांडवी किनाऱ्याच्या जेटीवर बसा (ही रत्नागिरीची मांडवी, पणजीची नदी नव्हे), सासूबाईंना तिथे चालणं सोपं. रत्नदुर्गावर त्यांना चढवू नका, भगवतीला हात तुम्ही जोडा. गणपतीपुळ्याला एसटी आहेच, आरे-वारेच्या किनाऱ्यावरून जाणारी विचारून घ्या आणि मुलीला समुद्राच्या बाजूची खिडकी द्या.

प्रश्न : पणजीत गाडी नको हे ठीक, पण स्कूटर भाड्याने घ्यावी का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : मग माझ्याकडे कशाला विचारता? घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं तर दंड तुमच्या खिशातून जातो. हेल्मेट दोन मागा, एकच देतात. आणि ताब्यात घेण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, आधीचे ओरखडे तुमच्या नावावर पडायला नकोत.